शांततेचे भाडे

वारंगा फाटा हे कळमनुरी तालुक्यातील गाव म्हणजे रस्त्यांनी घडविलेले गाव. नांदेडहून हिंगोली-अकोल्याकडे जाणारा आणि नांदेडहून यवतमाळ-नागपूरकडे जाणारा असे दोन राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांचा निरोप घेतात. मालमोटारींचा गडगडाट रात्रंदिवस चालू असतो आणि त्यांच्याबरोबर बातम्याही येतात. फाट्यावर आलेली कोणतीही बातमी थट्टेची कसोटी उतरल्यावाचून पुढे जात नाही. मराठवाड्याच्या माणसाने दुष्काळ सोसला, निजामी सोसली, मंत्र्यांचे दौरेही सोसले. या सोसण्यातूनच त्याची विनोदबुद्धी धारदार झाली आहे.

याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. अशी बातमी फाट्यावरील बाकावर उलगडली म्हणजे काय होत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. निवडणुकीतील लाट कशी येते आणि कशी ओसरते हे ज्याने अनेकदा पाहिले, तो आकाशातील लाटेविषयी पहिला प्रश्न हाच विचारणार की, ही कोणत्या पक्षाची? शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीत घेण्याची ज्याला सवय झाली, तो विचारणार की, या यंत्राला तरी दिवसा वीज मिळणार काय? हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. राज्यकर्त्यांनी दिलेल्या अनुभवावर ते उभे आहेत.

तथापि थट्टेचेही दोन प्रकार असतात. एक थट्टा सत्य उघडे करते; दुसरी विचार करण्याचे कष्ट वाचविते. दुधाळ्याच्या वेधशाळेच्या बाबतीत या दोहोंची गल्लत होऊ नये, म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट विज्ञानाची. प्रचंड वस्तुमानाचे गोल एकमेकांभोवती वेगाने फिरू लागले म्हणजे अवकाशातच तरंग उठतात, हे आइन्स्टाईन यांनी १९१६ साली गणिताने दाखविले. ते तरंग प्रत्यक्ष पकडण्यास पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील दोन वेधशाळांनी, सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली लहर टिपली. काटकोनात मांडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांशी काचतंतूंवर टांगलेले आरसे आणि त्यांच्यामधून ये-जा करणारा लेसर प्रकाश, असे या यंत्राचे स्वरूप असते. लहर आली की एक भुजा किंचित लांबते व दुसरी किंचित आखडते. हे ‘किंचित’ म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतके असले तरी यंत्राच्या ध्यानात यावे लागते.

या शोधात महाराष्ट्राचा वाटा उसना नाही. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली उभारलेल्या पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी, गोंगाटातून अशी क्षीण लहर गणिताने कशी निवडून काढावी, या प्रश्नावर दशकानुदशके काम करीत होते. अमेरिकेतील दोन वेधशाळांपासून दूर, पृथ्वीच्या दुसऱ्या भागात आणखी एक तितकेच संवेदनशील यंत्र असेल, तर लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली हे अधिक अचूकपणे ठरविता येते. हिंगोलीची निवड याच मोठ्या योजनेचा भाग आहे. तिला कोणाच्या मेहेरबानीची पुरवणी समजण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट राजकारणाची. शोधाची वार्ता ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला कळली आणि अवघ्या सहा दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. तत्परतेचे कौतुक झाले. पैशांसह अंतिम मान्यता मात्र एप्रिल २०२३ मध्ये आली. खर्च २६०० कोटी रुपये आणि पूर्णत्वाचे वर्ष २०३०. जी लहर १३० कोटी वर्षे प्रवास करून वेळेवर पोहोचली, तिच्यासाठीच्या यंत्राची कागदपत्रे दिल्लीतील एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जावयास सात वर्षे लागली. प्रकाशाचा वेग निसर्गाने निश्चित केला आहे. फायलीचा वेग निश्चित करणारा आइन्स्टाईन अद्याप जन्मास यावयाचा आहे.

या सात वर्षांच्या मध्यावर एक प्रसंग घडला. जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत, शाळकरी मुलांसमोर बोलताना एका वक्त्याने गुरुत्वीय लहरींना यापुढे पंतप्रधानांचे नाव दिले जाईल असे जाहीर केले. त्याच परिषदेत एका कुलगुरूंनी कौरवांचा जन्म म्हणजे परीक्षानलिकेतील प्रयोग असल्याचे प्रतिपादन केले. आयोजकांनी पुढे हात झटकले. परंतु प्रश्न उरतो तो असा की, फाट्यावरचा माणूस ‘ही लाट कोणत्या पक्षाची’ असे थट्टेने विचारतो, आणि तेच उत्तर विज्ञानाच्या व्यासपीठावरून गंभीरपणे दिले जाते, तेव्हा विनोदकाराने करावयाचे तरी काय? राज्यघटनेच्या कलम ५१-अ ने वैज्ञानिक दृष्टी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. व्यासपीठावरील मंडळी नागरिकांतच मोडतात, याचे स्मरण त्यांना करून द्यावे लागते, ही खेदाची गोष्ट होय. ज्या औंढ्याच्या मंदिरात विसोबा खेचरांनी नामदेवांना, देव नसलेली जागा दाखव म्हणजे तेथे पाय ठेवतो, असे सांगितल्याची कथा आहे, त्या परिसराला शंका घेण्याचा वारसा परक्याकडून घ्यावा लागत नाही.

अर्थात मूर्खपणाची मक्तेदारी कोणा एका देशाकडे नाही. ज्या अमेरिकेने ही विद्या घडविली, जिच्या तीन शास्त्रज्ञांना तीबद्दल २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेथील प्रशासनाने २०२५ साली आपल्या दोन वेधशाळांपैकी एक बंद करण्याचा प्रस्ताव अंदाजपत्रकात मांडला. दोन कानांपैकी एक कापून काटकसर साधण्याचा हा प्रकार होय.

तिसरी गोष्ट अर्थशास्त्राची, आणि येथे थट्टेचे पाऊल बहुधा चुकते. ‘पोटाला भाकर नाही आणि कृष्णविवरांवर २६०० कोटी’ असे म्हणणे टाळ्या मिळविणारे असले तरी हिशेबाला टिकणारे नाही. एकशे चाळीस कोटी लोकसंख्येवर ही रक्कम वाटली तर माणशी एकोणीस रुपयेही पडत नाहीत. तीही दरसाल नव्हे, संपूर्ण बांधकामाच्या काळासाठी एकदाच. फाट्यावर दोन वेळचा चहा तेवढ्यात कसाबसा होईल. दुसरीकडे, नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा शासनाचा अंदाज ८०२ किलोमीटरसाठी सुमारे ८६ हजार कोटींचा होता. म्हणजे किलोमीटरला शंभर कोटींहून अधिक. अशा रस्त्याच्या पंचवीस किलोमीटरच्या किमतीत विश्वाचा कानोसा घेणारी वेधशाळा उभी राहते. हा रस्ता हिंगोली जिल्ह्यातूनही आखला गेला आणि जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. भाकरीचा वाटा कोण खातो हे शोधावयाचेच असेल, तर शोधाची दिशा बदलावयास हवी. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्का खर्च करतो, असे सरकारचीच २०२०-२१ सालची आकडेवारी सांगते. गरिबाच्या तोंडचा घास विज्ञानाने पळविला, हा आरोप या आकड्यापुढे टिकत नाही.

मग तक्रारीला जागाच नाही काय? आहे, आणि ती वेगळ्याच ठिकाणी आहे.

या यंत्राला शांतता लागते. लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेला आसपासच्या वृक्षतोडीच्या आणि आगगाड्यांच्या कंपनांनी पहिल्या काळात इतके हैराण केले की, कंपने शोषणारी निराळी यंत्रणा बसवावी लागली. हॅनफर्ड येथे काही गूढ खुणा नोंदीत दिसू लागल्या. २०१७ साली तपास केला तेव्हा तहानलेले डोमकावळे नळावरील हिम टोचीत असल्याचे निष्पन्न झाले. चतुर कावळ्याची गोष्ट बालभारतीपुरती मर्यादित नाही, असे म्हणावयाचे! ज्या यंत्राला कावळ्याची चोच सोसत नाही, त्याला कारखाने, खाणी, लोहमार्ग आणि वारंगा फाट्यासारखा अहोरात्र धडधडणारा चौरस्ता शेजारी कसा चालेल? म्हणूनच मोठ्या शहरांपासून आणि उद्योगांपासून दूर असलेली जागा शोधावी लागली.

येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा काढलेला हा जिल्हा शांत का आहे? येथील माणसे मौनव्रती आहेत म्हणून नव्हे. उद्योग आले नाहीत, म्हणून भोंगे वाजत नाहीत. कामासाठी माणसे बाहेर गेली, म्हणून वस्त्या निःशब्द झाल्या. अनुशेषाच्या प्रत्येक चर्चेत जी उणीव म्हणून मांडली गेली, तीच आता जागतिक विज्ञानाच्या दृष्टीने संपत्ती ठरली आहे. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, ज्या वस्तूला उपयोग आहे आणि जी अन्यत्र सहजी मिळत नाही, तिला किंमत असते. मग दुधाळ्याच्या शांततेची किंमत कोणी ठरविली काय? जमिनीचा मोबदला जमीन देणाऱ्याला मिळतो. परंतु पुढील अनेक दशके सभोवतालच्या गावांनी जो गोंगाट करावयाचा नाही, जे कारखाने मागावयाचे नाहीत, त्यांचा मोबदला कोणत्या खात्यावर जमा होणार?

रोजगाराच्या घोषणांनी हे खाते भरणार नाही. वेधशाळा म्हणजे सूतगिरणी नव्हे. तेथे हजारो हातांना काम मिळत नसते. हे लोकांना आधीच स्पष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. शांततेचे भाडे ज्ञानाच्या रूपानेच दिले पाहिजे, आणि ते मागण्याचा हक्क या जिल्ह्याला आहे. निर्वात नळ्यांचे जोडकाम, प्रकाशयंत्रे, इलेक्ट्रॉनिक्स यांचे शिक्षण हिंगोली, कळमनुरी, वसमत येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून का दिले जाऊ नये? नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला दुधाळ्याचे दार पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याआधी का उघडू नये? वेधशाळेची माहिती मराठीतून, शाळाशाळांपर्यंत का पोहोचू नये?

आणि आणखी एक गोष्ट. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांना गेली कित्येक वर्षे जमिनीखालून गूढ आवाज ऐकू येतात. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी या जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. किल्लारीचा १९९३ सालचा भूकंप ज्या मराठवाड्याच्या स्मरणात आहे, तेथे असा आवाज झाला की माणसे घराबाहेर झोपतात. १३० कोटी वर्षांपूर्वीचा तरंग ऐकू शकणारे विज्ञान ज्या जिल्ह्यात येत आहे, तेथील म्हातारीला तिच्या पायाखाली काय गडगडते हे समजावून सांगण्याची सोय असू नये, ही विसंगती कोणत्याही विनोदाहून बोचरी आहे. भूकंपमापनाची नोंद यंत्रासाठी ठेवावीच लागणार आहे. ती गावाच्या चावडीवर, गावाच्या भाषेत लावली तर यंत्राचे काही बिघडणार नाही.

अलीकडच्या मराठीत एखाद्या गोष्टीची पर्वा न करणे याला ‘फाट्यावर मारणे’ असे म्हणतात. हिंगोली जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. फाट्यावरच्या माणसाने विज्ञानाची थट्टा जरूर करावी. जे थट्टेला भिते ते विज्ञानच नव्हे. परंतु हसून झाल्यावर त्याने भाड्याची पावती मागावयास विसरू नये. यंत्रासाठी शांत राहणे निराळे, आणि हक्कासाठी गप्प राहणे निराळे.