बोटांना मराठीचं वळण

टक्स टायपिंग या मोफत संगणकीय खेळात वरून मासे पडतात. प्रत्येकावर अक्षर किंवा शब्द असतो. तो वेळेत टाइप केला की खाली धावणारा पेंग्विन मासा गट्टम करतो. इंग्रजीत मुलांच्या बोटांना असं हसतखेळत वळण लागतं. मराठी टायपिंग मात्र बहुतेकांच्या वाट्याला येतं ते मोठेपणी, राज्य परीक्षा परिषदेच्या मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांच्या परीक्षेसाठी क्लास लावल्यावर. इतकं थांबायचं कशाला? भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकातल्या इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. पुण्याजवळच्या ‘देहूरोड’चं नाव टाइप करून पाहावं: द उजवीकडे, मात्रा डावीकडे, ह उजवीकडे, ऊकार डावीकडे, मग र, ओकार आणि शेवटी ड. सात कळा, आणि एकाही हाताला लागोपाठ दोनदा काम नाही! शिफ्ट धरून क दाबला की ख, ग दाबला की घ. मुळाक्षरं येणाऱ्या मुलाला या जोड्या ओळखीच्याच. लष्करी डेपो आणि कारखान्यांमुळे देहूरोडला घरी तेलुगू, तमिळ, पंजाबी बोलणारी मुलंही आहेत. त्यांच्या लिपीतही इनस्क्रिप्टचा क त्याच कळेवर असतो. इथल्या शाळांनी संगणकाच्या तासाला असा खेळ मराठीतून जरूर खेळवावा. शब्द लोकलच्या स्थानकांचे घ्यावेत: बेगडेवाडी, तळेगाव आधी, आकुर्डीतला रफार, म्हणजे र नंतर हलन्ताची कळ, पुढच्या पायरीवर.