स्कूटरवरील रेडिओ आणि उतारवयातील कान



उतारवयात माणसाला सोबत हवी असते, आणि आपल्याकडील कित्येक घरांत ही सोबत रेडिओने केली आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. तिची गाणी ऐकत लहानाची मोठी झालेली पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे. याच पिढीतील अनेकांनी आयुष्यभर स्कूटरवरून कचेरी गाठली, मुलांना शाळेत सोडले, दळण आणले. तेव्हा निवृत्तीनंतर एखाद्या आजोबांना आपल्या स्कूटरवर रेडिओ आणि दोन स्पीकर बसवून घ्यावेसे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काही नाही.

एका वाचक भगिनींनी याच विषयावर पत्र लिहिले आहे. त्यांचे सासरे ७२ वर्षांचे आहेत. सासूबाई गेल्यापासून सकाळी भाजी, दुपारी वाचनालय आणि सायंकाळी मित्रांचा कट्टा असा त्यांचा दिवस स्कूटरवरच जातो. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून रेडिओ बसवून घेण्याचे त्यांनी ठरविले. मुलाने ठाम विरोध केला. आणि आता बापलेकांचे बोलणे जवळजवळ बंद आहे. ‘डॉक्टर, आम्ही होकार द्यावा की नकार?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या ओघात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. घरातला रेडिओही ते हल्ली इतका मोठ्याने लावतात, की शेजारी येऊन सांगतात. वैद्य म्हणून माझे लक्ष या वाक्यावर थांबले.

वयोमानाने ऐकू येणे कमी होते, हे सर्वांना ठाऊक असते. ते कसे कमी होते, हे मात्र फारसे ठाऊक नसते. आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो आणि त्यात ध्वनी टिपणाऱ्या अतिसूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. वार्धक्यात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी झिजतात. त्यामुळे ‘आ’, ‘ओ’ यांसारखे स्वर नीट ऐकू येतात. परंतु ‘स’, ‘श’, ‘च’, ‘फ’ ही व्यंजने निसटतात. माणूस म्हणतो, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.’ मग तो रेडिओचा आवाज वाढवितो. हा बदल वर्षानुवर्षे हळूहळू होत असल्याने ज्याचा त्याला जाणवत नाही. घरच्यांना आधी जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढील व्यक्तींपैकी पंचवीस टक्क्यांहून अधिक जणांचे ऐकणे दैनंदिन व्यवहारास बाधा येण्याइतके कमी झालेले असते.

आता हेच कान घेऊन आपण रस्त्यावर जाऊ. मागून येणाऱ्या सायकलची घंटी उंच पट्टीची असते, म्हणजे नेमकी त्या कानाच्या दुबळ्या बाजूची. त्यातच वयानुसार गोंगाटातून हवा तेवढा आवाज वेगळा काढण्याची मेंदूची क्षमताही मंदावते. गर्दीच्या रस्त्यावर इंजिने, भोंगे आणि वारा यांचा गलका असतो. त्या गलक्यावर मात करून गाणे ऐकावयाचे, तर ते गलक्याहून मोठे लावावे लागते. आणि गलक्याहून मोठे गाणे मागून येणाऱ्या वाहनाची चाहूलही झाकून टाकते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. भोंगा ओळखण्यास दीड सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात १६ ते १७ मीटर अंतर कापले गेलेले असते. मुलाच्या विरोधामागे ही भीती असावी, आणि ती रास्त आहे.

दुसरा धोका खुद्द कानाला आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासांपर्यंत सहन करण्याजोगा मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. आधीच झिजलेल्या कानावर हा भार रोज टाकणे हिताचे नाही. हेल्मेटच्या आत इअरफोन घालणे हा तर उपाय नव्हेच. त्याने ध्वनी कानाशी येतो आणि रस्ता कानाबाहेर राहतो.

म्हणून माझे उत्तर असे: रेडिओचा निर्णय नंतर, कानांची तपासणी आधी.

घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. ज्येष्ठ व्यक्तीस शांत खोलीत खुर्चीवर बसवावे. आपण त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे त्यांना आपले ओठ दिसणार नाहीत. त्यांच्या एका कानाच्या छिद्रापुढील लहान पाळी बोटाने हलकेच दाबून चोळीत राहावी. पूर्ण श्वास सोडून कुजबुजत्या स्वरात तीन आकडे अथवा अक्षरे उच्चारावीत, उदाहरणार्थ ‘चार, स, दोन’, आणि ती परत म्हणावयास सांगावे. चुकल्यास वेगळी तीन अक्षरे घ्यावीत. दोन्ही वेळच्या सहांपैकी निम्मी देखील ओळखता आली नाहीत, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. दोन्ही कान स्वतंत्रपणे तपासावेत. कित्येकदा कानात साठलेला मळ हेच कारण निघते आणि तो काढताच ऐकू येऊ लागते. तो मळ घरी पिन, काडी किंवा गरम तेल घालून काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. मळ नसेल तर ऑडिओमेट्री ही वेदनारहित तपासणी करून, गरज भासल्यास श्रवणयंत्र घ्यावे.

या तपासणीला कायद्याचाही आधार आहे. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांसाठीच होते. चाळिशीनंतर त्यासोबत फॉर्म १-ए हे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यात डॉक्टरांना विचारलेले असते, की नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा अर्जदारास आहे काय? कृपया हे प्रमाणपत्र उपचार म्हणून भरून मागू नका. कान तपासून घेण्याची ती हक्काची संधी आहे.

समजा, कान उत्तम निघाले. मग रेडिओ जरूर बसवावा, मात्र काही पथ्ये पाळून. चालत्या गर्दीत तो बंद असावा. कट्ट्यावर, बागेपाशी किंवा झाडाखाली गाडी उभी करून ऐकावा. स्पीकर हँडलवर टांगू नयेत, कारण वजनामुळे हँडल वळविताना तोल बिघडतो. भोंग्याच्या किंवा दिव्याच्या तारेतून वीज घेऊ नये. बॅटरीपासून स्वतंत्र तार घेऊन बॅटरीलगत योग्य क्षमतेचा फ्यूज बसवून घ्यावा. स्कूटरची बॅटरी लहान असते. १२ व्होल्टवर २० वॅटचा संच सुमारे पावणेदोन अँपिअर वीज ओढतो. इंजिन बंद ठेवून ऐकल्यास ४ अँपिअर-तासाची बॅटरी सव्वा तासात निम्मी होते, आणि मग सत्तरीच्या माणसास किक मारीत बसावे लागते. विजेवर चालणारी स्कूटर असेल, तर अधिकृत सेवाकेंद्राखेरीज कोणासही तारांना हात लावू देऊ नये.

हे सारे पाहता मला स्वतःला डिकीत ठेवता येईल असा सेलवर चालणारा छोटा रेडिओ अधिक पसंत आहे. तो स्कूटरबरोबर जातो आणि कट्ट्यावर मित्रांमध्येही बसतो. ज्यांना पेसमेकर बसविलेला आहे, त्यांनी रेडिओ अथवा स्पीकर शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये. स्पीकरमधील लोहचुंबक पेसमेकरपासून किमान सहा इंच दूर असावे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित केलेला असू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आता शुश्रूषा करणाऱ्या मंडळींना एक विनंती. स्कूटर त्यांची आहे आणि आयुष्यही त्यांचे आहे. त्यामुळे ‘परवानगी’ हा शब्द घरात वापरू नये. ‘या वयात काय हे खूळ’ असे म्हटल्याने रेडिओ थांबेल, पण त्याबरोबर त्यांचे आपल्याशी बोलणेही थांबेल. ज्याला नीट ऐकू येत नाही, तो माणूस हळूहळू गप्पांतून मागे सरतो आणि एकाकी होतो. पत्नीच्या निधनानंतर घरात आवाज हवासा वाटणे आणि ऐकू कमी येणे या दोन गोष्टी एकत्र आल्या, की रेडिओ मोठा होतो. मुलानेच जवळ बसून म्हणावे, ‘बाबा, रेडिओ आपण दोघे जाऊन घेऊ. त्याआधी एकदा कान दाखवून येऊ.’ बोलताना समोर बसावे, सावकाश बोलावे, ओरडू नये. झिजलेल्या कानाला मोठा आवाज एकाएकी असह्य होतो.

शेवटी एक सूचना सर्वांसाठी. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत, ऐकू येणे कमी झाले, तर त्यास वयाचा परिणाम समजून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाल्यास श्रवण परत येण्याची शक्यता अधिक असते. त्यासोबत चेहरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा तोल जाऊन उभे राहता न येणे असे काही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी रुग्णास स्कूटरवर बसवून नेऊ नये.