घोडे कुठे बदलायचे?

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत घोडागाडीचा थांबा आला की चित्र ठरलेलं. खाली दारूची बैठक, वर निजायच्या खोल्या, मागे तबेला. अशा हरवलेल्या जागा हुडकून काढणं हा तिकडच्या लोकांचा आवडता छंद. मग वाटलं, आपल्याकडचे असे थांबे कुठे गेले?

मला पहिला आठवतो तो बोरघाट. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत तिथे गाडीरस्ता खुला झाला. त्याआधी, १८२५ मध्ये बिशप हेबर याच वाटेने पुण्याला गेला होता. मुंबईहून होडीने पनवेल, पनवेलहून खोपोली, घाट चढून खंडाळा आणि मग पुणे. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत. मधला घाट मात्र रस्त्यानेच ओलांडायचा! ही गंमत पाच वर्षं चालली. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली आणि रस्त्यावरच्या मुक्कामांची सद्दी संपली. उणीपुरी तेहतीस वर्षं!

पण या वाटेवर इंग्रजी 'टॅव्हर्न' शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. माझ्या मते आपली चूक इथेच होते. पंक्तिभेद आणि सोवळं मानणाऱ्या समाजात एका छपराखाली सगळ्यांनी जेवावं-निजावं हे शक्यच नव्हतं. त्यामुळे तो एक थांबा चार ठिकाणी वाटला गेला. साहेबाला बंगला आणि खानसामा, आपल्या माणसाला धर्मशाळा आणि तीन दगडांची चूल, घोड्यांना तबेला, आणि गुत्ता जरा आडोशाला. गोव्याच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे निजायला देवळाची अग्रशाळा आणि प्यायला तावेर्न. दोन्ही कधी एकत्र आली आहेत का?

तेव्हा इमारत न शोधता पाणी शोधावं. घाट चढण्याआधी जनावरं पाण्यावर थांबणारच. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ आहे. थांबा तिथेच आसपास असणार, हे सांगायला पाटी कशाला हवी?

पाट्यांचं तर विचारूच नका. त्याच १८३० च्या रस्त्यावरचा दगडी पूल लोक 'अमृतांजन पूल' म्हणून ओळखत. का, तर त्यावर बामची जाहिरात होती! एप्रिल २०२० मध्ये तो सुरुंग लावून पाडला. वाहतुकीला अडचण होती, हे मान्य. पण हा पूल घोडागाड्यांच्या रस्त्याचा, हे किती जणांना ठाऊक होतं? नाव विसरलं की वास्तू पाडणं सोपं जातं.

घोडे गेले, शब्द तेवढा उरला. महाराष्ट्रात एसटीचं भाडं अजून 'टप्प्या'वर ठरतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा.

आता आपल्या दाराशी पाहू. १८८८ मध्ये मुरगावची रेल्वे घाटावर जाण्याआधी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोव्याचं मीठ लादून घाट चढत. पायथ्याशी मोले, वर तिनईघाट. या वाटेवर ते कुठल्या ओहोळाशी थांबत, कुठल्या झाडाखाली गोण्या उतरवत? घाटाखालच्या गावांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना अजून काही जागांची नावं ठाऊक असतील. ती विचारून लिहून ठेवायला सरकारी खात्याची परवानगी लागत नाही. एक वही पुरते.