‘बाहेरच्या’ दुकानदारावर नेम कोणाचा?

भिलाईच्या बाजारातील सिंधी, पंजाबी, मारवाडी दुकानदाराकडे बोट दाखवून ‘हा बाहेरचा’ अशी हाकाटी पिटणाऱ्यांना विचारले पाहिजे: या पोलादनगरीत आतला कोण? १९५९ मध्ये सोव्हिएत सहकार्याने येथील पहिली झोतभट्टी पेटली ती देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या कामगारांच्या हातांनी; त्यांत मराठी हातही होते. छत्तीसगढी शेतकऱ्याची जमीन गेली, ही तक्रार न्याय्यच आहे. परंतु ती जमीन किराणा दुकानदाराने घेतलेली नाही!

मुंबईत हाच प्रयोग झाला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने उडुपी हॉटेलवाल्यांविरुद्ध मराठी तरुणांना चिथावले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. ते काय इडली विकणाऱ्याने बांधले?

रायपूरचे हबीब तन्वीर यांनी १९९० मध्ये रंगमंचावर आणलेले असगर वजाहत यांचे ‘जिस लाहौर नइ देख्या ओ जम्याइ नइ’ हे नाटक म्हणूनच आठवावे. फाळणीनंतर लखनौहून आलेले मुसलमान कुटुंब आणि लाहोरच्या हवेलीत मागे राहिलेली हिंदू वृद्धा आरंभी एकमेकांस नकोशी असतात. पुढे ती त्यांचीच आई होते. तिला हुसकू पाहणारा गुंड धर्माचे नाव घेतो, आणि तिची बाजू घेणाऱ्या मौलवीचाच खून पडतो.

म्हणून केवळ सद्भावनेच्या सभा पुरेशा नाहीत. साथींनो, ‘बाहेरचा’ अशी आरोळी उठताच प्रथम विचारा: जमीन कोणी गिळली, मजुरी कोणी बुडवली? उत्तर दुकानाच्या गल्ल्यात सापडणार नाही.