तूप बंद, पण गाठीचे काय?

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले की स्तनाचा कर्करोग पसरतो, असे हल्ली ऐकू येते. मग घरातील बाईच्या पोळीवरचे तूप बंद होते आणि आपण काळजी घेतली असे सर्वांना वाटते. आमच्या मते एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. आपले यकृतच ते तयार करते व शरीराला ते लागते. त्यापासून २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ बनतो. हा पदार्थ स्त्री-संप्रेरकासारखे काम करून उंदरांतील स्तनाच्या गाठी वाढवितो, असे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखविले. रोग इतर अवयवांत पसरण्यासही तो मदत करतो, असे २०१७ साली इलिनॉय विद्यापीठात आढळले, तेही उंदरांतच. तूप सोडल्याने किंवा कोलेस्टेरॉलची गोळी घेतल्याने स्त्रियांचा हा रोग टळतो, असे सिद्ध झालेले नाही. कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवावे ते हृदयासाठी. पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन मात्र या कर्करोगाचा धोका वाढविते.

आता आपल्या जवळचा दाखला पाहा. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ साली दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. यंत्र नाही, मोठा खर्च नाही. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयात तसा फरक दिसला नाही.

शेतकरी बंधूंनो, कपाशीवर बोंडअळी दिसली तर आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. मग घरच्या बाईने गाठ सांगितली की "दुखत नाही ना? सुगी होऊ दे," असे का म्हणावे? न दुखणारी गाठही कर्करोगाची असू शकते. गाठ लागली, कातडीला खळगा पडला, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरांना दाखवावे. बडोद्यात सर सयाजीराव हे सरकारी रुग्णालय आहे. बाई संकोचाने बोलत नसेल तर घरच्यांनी विचारावे आणि नवऱ्याने स्वतः सोबत जावे. त्यापायी शेतातील एक दिवसाचे काम खोळंबले तरी चालेल.