सूत्र पाठ, पण मोटर जळाली!

व्हायवात "ओहमचा नियम सांगा" म्हटलं की आपण पोपटासारखे सुरू! पण होस्टेलच्या रॉडवर पाणी तापायला कधीकधी एवढा वेळ का लागतो, याचा हिशेब किती जण करतात? रॉड १००० वॅटचा, व्होल्टेज २३०; म्हणजे करंट ४.३५ अँपिअर, रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम. व्होल्टेज १८० वर आलं की तोच रॉड जेमतेम ६१२ वॅट देतो. पॉवर व्होल्टेजच्या वर्गानं घटते ना!

आमच्या बार्शीटाकळीकडे मात्र प्रश्न गार पाण्याचा नसतो. हरभऱ्याच्या ओलिताला सगळ्यांच्या मोटरी एकदमच सुरू होतात आणि व्होल्टेज पडतं. सेकंड इयरला मी बाबांना ऐटीत सांगितलं, "व्होल्टेज कमी म्हणजे करंट कमी. काही होत नाही."

"मंग मोटर काहून जळते रे?" बाबांनी विचारलं. मी गप्प.

मोटर म्हणजे रॉड नव्हे. तिला पाणी जवळपास तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज घटलं की ती करंट जास्त ओढते. करंट २० टक्के वाढला तर वाइंडिंगमधली उष्णता ४४ टक्के वाढते. माझं सूत्र बरोबर होतं, लावलं मात्र चुकीच्या जागी.

म्हणून सरांना विनंती, प्रॅक्टिकलला नुसते रेझिस्टर नकोत. लोडवरची एक मोटर, डिमरस्टॅट आणि दोन मीटर ठेवा. व्होल्टेज उतरताना अँमीटरचा काटा चढलेला आम्हाला डोळ्यांनी बघू द्या. नाहीतर डिग्री मिळेल, पण बाबांच्या प्रश्नाला उत्तर नसेल.