उर्दू शाळेचा बँड कुठे आहे?

डिसेंबर संपत आला की शहरातल्या शाळांच्या मैदानांवरून ढोलाचा आवाज यायला लागतो. २६ जानेवारीची तयारी असते. आपल्याकडे मुख्य ध्वजारोहण पोलीस आयुक्तालयाच्या देवगिरी मैदानावर होतं, तिथल्या संचलनात शाळांची पथकं असतात, आणि त्याच्या आगेमागे आंतरशालेय संचलनाच्या, बँडच्या स्पर्धा होतात. गेल्या काही वर्षांत अशा स्पर्धांना तीन वेळा मी परीक्षक म्हणून बसले. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईला बँडमधलं काय कळतं, असं कुणी विचारेल. आयोजकांनाही तसंच वाटत असावं, कारण तिन्ही वेळा माझ्याकडे आला तो 'गणवेश व शिस्त' हाच रकाना. चाल, ताल, कवायत हे रकाने निवृत्त फौजी आणि पीटीच्या सरांकडे. माझी हरकत नव्हती. एकाच रकान्याकडे दोन-तीन तास बघत बसलं की तो रकाना काय करतो ते नीट दिसतं.

तो असं करतो. एका शाळेचा बँड येतो: डोक्यावर तुरा, खांद्यावर सोनेरी झालर, पांढरे हातमोजे, पुढे चकचकीत छडी फिरवणारा मेजर. त्यांच्यामागून जिल्हा परिषदेच्या शाळेची मुलं येतात. रोजचाच गणवेश, धुऊन इस्त्री केलेला. बुटांना खडू घासून पांढरं केलेलं, ते दोन फेऱ्यांत उतरायला लागलेलं. ढोल वाजवणारा मुलगा ढोलापेक्षा जेमतेम मोठा. पण पाय एकत्र पडतात, 'थांब'ला सगळी रांग एका क्षणात थांबते. शंभरपैकी वीस गुण माझ्या रकान्यात. पहिल्या आणि तिसऱ्या नंबरात शेवटी तीन-चार गुणांचा फरक असतो. म्हणजे तुरा आणि झालर निकाल फिरवू शकतात. मी नीटनेटकेपणाला गुण दिले, किमतीला दिले नाहीत, आणि त्यावरून एका शाळेच्या सरांशी थोडी बाचाबाचीही झाली. 'एवढा खर्च केलाय मॅडम, तो दिसायला नको का?' असं त्यांचं म्हणणं. खर्च दिसतो हो, तेच तर दुखणं आहे.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्या गोष्टीसाठी. त्या तिन्ही वर्षांत उर्दू माध्यमाची एकही शाळा बँड घेऊन उतरली नव्हती. ज्या शहरात उर्दू शाळा मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरणार नाहीत, त्या शहरात. मी एका आयोजकांना विचारलं. भले गृहस्थ, अगदी सौम्यपणे म्हणाले, 'मॅडम, तुमच्यात वाजवणं चालत नाही ना?' मग आपल्याच काही शिक्षकांना विचारलं. उत्तर तेच, फक्त भाषा बदलली: 'बाजी, अपने यहां नहीं चलता.' दोन्ही बाजूंचं इतकं एकमत झालेलं प्रकरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. आणि एकमत झालं की खरं काय ते तपासायला कुणी जात नाही.

तपासून बघू. वाद्यांबद्दल आपल्या उलमांमध्ये मतभेद आहेत आणि ते शेकडो वर्षांचे आहेत, हे मला मान्य आहे. मी फतवा द्यायला बसलेली नाही. पण मतभेद आहेत याचा अर्थच हा की प्रश्न एका वाक्यात संपलेला नाही. ईदच्या दिवशी हज़रत आयशांच्या घरी दोन मुली गात होत्या, हज़रत अबू बक्र रागावले, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी 'राहू दे, ईद आहे' अशा अर्थाचं सांगितलं, ही रिवायत बुखारीत आहे. लग्नात दफ वाजवण्याला तर बहुतेक सगळ्यांचीच मुभा. इमाम ग़ज़ालींनी 'इह्या'मध्ये समाअवर जे प्रकरण लिहिलंय त्यात हजच्या काफिल्यांपुढे वाजणाऱ्या ढोलाला हरकत घेतलेली नाही. शाळेच्या संचलनातला ढोल याच जातीचा आहे, पाय जुळवण्यासाठी वाजणारा. त्यात मैफल नाही, शराब नाही, नाच नाही. आणि इतकं सांगूनही एखाद्या वालिदांना पटलं नाही, तर त्यांच्या मुलाला झेंड्यापाशी उभं करा, रांगेच्या आघाडीला ठेवा. एका घराच्या हरकतीपायी चाळीस मुलांचा बँड कशाला अडायचा?

इतिहास तर सरळसरळ उलटं सांगतो. युरोपातल्या लष्करी बँडमध्ये मोठा ढोल आणि झांजा आल्या त्या उस्मानी तुर्कांच्या मेहतरमुळे. अठराव्या शतकात तिथल्या राजांना हा आवाज इतका आवडला की त्यांनी आपापल्या पलटणीत तसे वादक ठेवले. इकडे मुघलांच्या नक्कारखान्यात काय काय वाद्यं होती याची यादी अबुल फज़लने 'आईन-ए-अकबरी'त दिली आहे आणि खुद्द अकबर नक्कारा चांगला वाजवत असे हेही सांगितलंय. आपल्या शहरात एका दरवाज्याचं नावच नौबत दरवाजा आहे. ताशा मोहर्रमच्या ताबुतापुढे वाजतो तसाच गणपतीपुढे वाजतो. उस्ताद बिस्मिल्लाह खान पाच वक्तचे नमाज़ी होते आणि देश स्वतंत्र झाला तेव्हा लाल किल्ल्यावर शहनाई त्यांचीच होती. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, त्यात सैन्याचे बँड परत फिरताना जी धून वाजवत आले आहेत ती इक्बालच्या 'तराना-ए-हिंदी'ची. आणि हे सगळं जुनं म्हणून बाजूला ठेवायचं असेल तर मेरठला जा. तिथल्या जली कोठी भागात बँडची पितळी वाद्यं बनतात. नादिर अली अँड कंपनी १८८५ पासून हेच काम करते आहे. शाळाशाळांतल्या मैदानांवर वाजणारे बिगुल मुसलमान कारागिरांनी ठोकून घडवायचे, वरातीत मुसलमान बँडमास्तरने वाजवायचे, आणि मुसलमान मुलांच्या शाळेबद्दल म्हणायचं की यांच्यात चालत नाही!

मग खरं कारण काय? खरं कारण कंटाळवाणं आहे, म्हणून ते कुणी सांगत नाही. एक साधा बँड उभा करायचा तर आठ-दहा साइड ड्रम लागतात, एक-दोन मोठे ढोल, झांजांच्या जोड्या, बिगुल किंवा बासऱ्या, मेजरची छडी. चामडी फाटते, काठ्या तुटतात, पट्टे बदलावे लागतात. हे सगळं ठेवायला कुलूपबंद खोली लागते, आणि आपल्या बऱ्याच शाळांत प्रयोगशाळेलाच खोली नाही. मैदान लागतं. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळेत सकाळची पाळी सुटते तेव्हा दुपारची पाळी फाटकाशी उभी असते, सराव करायचा कधी आणि कुठे? शिकवणारा लागतो. पीटीचा शिक्षक असला तरी त्याच्याकडे गणिताचे तास असतात. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: सराव संध्याकाळी पाचनंतर ठेवला की अर्ध्या मुली गळतात. त्यातही दीन कुठे आड येत नाही, येतो तो घरी जायचा रस्ता आणि रिक्षाचे पैसे.

हे कारण खरं असेल तर पैसा आणि शिक्षक मिळाल्यावर गरीब घरच्या मुली बँड वाजवतात असं कुठेतरी दिसायला हवं. दिसतं. झारखंडमधल्या पटमदा इथल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाच्या मुलींचा पाइप बँड २६ जानेवारी २०२५ ला कर्तव्यपथावर, राष्ट्रपतींच्या मंचासमोर वाजला. कस्तुरबा विद्यालयं ही सरकारी निवासी शाळा आहेत. नियमाने त्यांतल्या ७५ टक्के जागा अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आणि अल्पसंख्याक मुलींसाठी, उरलेल्या २५ टक्के दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींसाठी. ते 'अल्पसंख्याक' म्हणजे आपणही आलो. तिथे राहायला जागा आहे, सरावाला वेळ आहे, हातात वाद्य आहे. बॅगपाइप हे स्कॉटलंडचं वाद्य झारखंडच्या खेड्यातली मुलगी फुंकते, तिला कुणी विचारत नाही की तुमच्यात चालतं का.

त्या मुली दिल्लीला गेल्या त्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेतून. शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून ती घेतात. आधी राज्य, मग विभाग, मग दिल्ली. मुलांचा ब्रास, मुलींचा ब्रास, मुलांचा पाइप, मुलींचा पाइप असे चार गट, चार विभागांतून एकेक, म्हणजे अंतिम फेरीला १६ संघ. राज्य मंडळाच्या शाळांनाही ती खुली आहे. चांगला उपक्रम आहे, माझा त्याला विरोध नाही. पण दोन गोष्टी बोचतात. गट फक्त ब्रास आणि पाइप, म्हणजे ज्या शाळेकडे चार साइड ड्रम, एक ढोल आणि बासऱ्या एवढंच आहे तिला वेगळी जागा नाही. आणि पहिलं बक्षीस २१ हजार रुपये, दुसरं १६ हजार, तिसरं ११ हजार. एवढ्या पैशात पुढच्या वर्षीचे गणवेश तरी शिवून होतील का, ते शिंप्याला विचारा. ज्याच्याकडे बँड आहे त्याला हे बक्षीस शोभेचं आहे, ज्याच्याकडे नाही त्याला ते मिळणारच नाही.

हायस्कूलच्या बँडस्पर्धांचं खरं वेड अमेरिकेत. तिथे शंभर-दोनशे मुलं फुटबॉलच्या मैदानावर वाजवत आकृत्या करतात. तिथला दिखाऊपणा आणि खर्च आपल्याला परवडणार नाही, आणि नकोच. पण परीक्षणाच्या तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. पहिली, 'बँड्स ऑफ अमेरिका'सारख्या मोठ्या स्पर्धांत शाळांचे वर्ग विद्यार्थीसंख्येवरून पाडतात, लहान शाळेचा निकाल लहान शाळांतही लागतो. दुसरी, परीक्षक कार्यक्रम चालू असतानाच रेकॉर्डरवर बोलत जातात: इथे झांज मागे पडली, इथे डावी रांग वाकली, इथे छान. ते रेकॉर्डिंग नंतर शाळेला मिळतं आणि शिक्षक मुलांना ऐकवतात. आपल्याकडे? तीन क्रमांक जाहीर होतात, पाहुण्यांचं भाषण होतं, गुणपत्रिका टेबलाच्या खणात जाते. चौथ्या आलेल्या मुलांना आपण चौथे का, हे कधीच कळत नाही. आज प्रत्येक परीक्षकाच्या खिशात मोबाइल आहे, पाच मिनिटं बोलून ते रेकॉर्डिंग शाळेला पाठवायला एक रुपया लागत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. टेक्साससारख्या राज्यात सरकारमान्य स्पर्धेत एक टप्पा असा असतो की नंबर न देता श्रेणी देतात, एक ते पाच. कसोटीला जितक्या शाळा उतरतील तितक्यांना पहिली श्रेणी. हे परकं वाटायचं कारण नाही. आपली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा अशीच चालते, ए, बी, सी श्रेणी. त्या परीक्षेला उर्दू शाळांची मुलं बसतात, ए श्रेणीही आणतात. कारण तिथे कागद, पेन्सिल, रंगांची डबी एवढ्यावर भागतं आणि शेजारच्या शाळेशी कुस्ती नसते. बँडला तीच पद्धत लावा. गणवेशाचे गुण वीसवरून पाचवर आणा आणि ते फक्त स्वच्छतेला द्या. उरलेले पंधरा पाय आणि ताल यांना द्या. नुसत्या ढोल-ड्रम-बासरीचा एक गट ठेवा. मग बघू कोण येतं आणि कोण नाही.

हे आयोजकांसाठी झालं. आता आपल्या संस्थाचालकांशी थोडं. शिकवायला माणूस नाही, हे मी ऐकणार नाही. आपल्या मोहल्ल्यांत बँडमास्तर आहेत. पिढ्यान् पिढ्या वाजवणारी घरं आहेत, त्यांना नोटेशन वाचता येत नसेल पण वीस पोरांना एका चालीवर आणता येतं. त्यांचं कामाचं गणितही शाळेला सोयीचं आहे. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी लग्नाच्या तारखा नसतात, गणपतीचे दिवस सोडले तर त्यांच्या हाताला काम नसतं. आणि शाळा नेमकी जूनमध्ये सुरू होते. आठवड्यातून तीन दिवस, दीड तास, मुलींचा सराव चार ते साडेपाच. त्यांना मानधन द्यायचं, आणि तेही इज़्ज़तीनं द्यायचं. वरातीत ज्याला आपण 'ए बँडवाले' म्हणून हाक मारतो त्याला मुलं शाळेत 'सर' म्हणतील. वाद्यं नवी घेणं जमत नसेल तर दोन-तीन शाळांनी मिळून एक संच घ्यावा, वार वाटून घ्यावेत. माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनात ट्रॉफ्या देतात, त्यांना या वर्षी ट्रॉफीऐवजी एक साइड ड्रम मागा.

माझ्या वर्गातली नववीतली एक मुलगी बाकावर बोटांनी ताल धरते. व्याकरण शिकवताना मला त्याचा त्रास होतो आणि मी रागावते. पण ताल चुकत नाही तिचा. तिच्या अम्मीला मी विचारलं, शाळेत बँड निघाला तर पाठवाल का? त्या म्हणाल्या, 'कौन सिखाएगा? और टीचर, पांच बजे छूटेगी ना?' धर्माचा शब्द त्यांनी काढला नाही.